अण्णांचं नाक

कोल्हापूर सोडताना मी एक यादी केली होती. गॅसचं कार्ड बदलून घेणे, दूधवाल्याला सांगणे, मुलीचा शाळेचा दाखला, वीजबिल, माळ्याची किल्ली. काम होईल तशी एकेका ओळीवर काट मारत होते. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘अण्णांचं नाक – चार्ज देणे.’ सामान बांधायला आलेल्या माझ्या भावानं ती ओळ वाचली आणि विचारलं, “हे काय गं?”

“काम आहे,” मी म्हटलं. “राहिलंय.”

मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होते. आलेला माल तपासून घ्यायचा, गेलेला लिहून ठेवायचा. हातातलं काम रीतसर दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय तिथलीच. अण्णांचं नाक हे तसंच एक काम होतं. काही वर्षं मी ते बिनपगारी केलं, आणि माझ्या कामांत तेच मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. शाहूपुरीत, गुळाच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते, वर भाड्यानं आम्ही. नाव मल्लाप्पा, पण बाजारातले हमालसुद्धा त्यांना अण्णाच म्हणत. घराणं निपाणीकडचं, लिंगायत, पिढ्यान्‌पिढ्या गुळाच्या अडतीतलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, आणि आवाज असा की ते खाली फोनवर बोलत असले तर वर आम्हाला रेडिओ बंद करावा लागे. बायकोवर रागवायचे ते कानडीत आणि तिची समजूत काढायचे ती मराठीत. कारण विचारलं तर म्हणायचे, “रागाला आपली भाषा लागती. माफीला कुठलीबी चालती.”

बाजारात अण्णांची किंमत होती ती त्यांच्या नाकाची. सौद्याच्या वेळी ते ढेपेच्या कडेला लहान सुरी घालून गुळाचा कपटा काढत, बोटांत चुरत, नाकाशी नेत आणि डोळे मिटत. जीभ सगळ्यात शेवटी. “जिभेला गोड लागलं की ती खूश. नाकाला लाच चालत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. एका दिवाळीआधी मी घरासाठी गूळ घ्यायला गेले होते, तेव्हा ते एका शेतकऱ्याला विचारत होते, “पावणं, रसाची काहील चुलीवर हुती आणि तुमी कुठं गेलतासा?”

शेतकरी दचकला. “म्हस सुटलीती, अण्णा. तिच्या मागनं पळालो.”

“व्हय की. म्हशीपायी खालचा थर करपला बघा.”

सगळे हसले, शेतकरीही हसला, आणि दर अण्णांनी सांगितला तोच ठरला. त्यांनी ठरवलेल्या दरावर सहसा कुणी वाद घालत नसे.

मग एका संध्याकाळी बाजारातून घरी येताना त्यांच्या लुनाला कुत्रं आडवं आलं. अण्णा पडले, डोक्याला मागून मार लागला. टाके काढले, जखम भरली, पण वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, आला तर येईल. अण्णा पुन्हा बाजारात गेले, नेहमीसारखा कपटा काढला, नाकाशी नेला, डोळे मिटले. ते मिटलेलेच राहिले. बराच वेळ झाल्यावर त्यांनी तो कपटा ढेपेवर परत ठेवला आणि कुणाशी न बोलता पायी घरी आले. त्या दिवसापासून पेढीवर त्यांचा मुलगा शिवानंद बसू लागला.

घरात एक न बोललेला नियम झाला : अण्णांसमोर वासाचं नाव काढायचं नाही. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू, मोगऱ्याचा गजरा घ्यायचं बंद केलं. फोडणी देताना त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत. अण्णांना जेवणाची चवही कळेना, म्हणून ते अर्ध्या भाकरीवर उठत. दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसायचे, समोर भिंत. अंगावरचं धोतर महिन्यागणिक ढिलं होत चाललं होतं. एकदा जिन्यात अक्कांनी मला थांबवलं.

“ताप असता तर औषध दिलं असतं. हे घरात हाईत, खरं हितं न्हाईतच. ह्यास्नी कायतरी धरायला पायजे बघा बाई, न्हाईतर हातातनं चाललाय हा मानूस.”

अक्कांच्या बोलण्यात रडारड नव्हती. दुधाचा रतीब सांगावा तसं त्यांनी सांगितलं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

धरायला मिळाली ती काचेची पेटी. शिवानंदनं लक्ष्मीपुरीतल्या शकीलच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून ती आणली. खाली वाळू, वर दिवा, पाण्यात चार-सहा जातींची हिरवी रोपं आणि सुईएवढे चमकते मासे. अक्का उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“लिंगायताच्या घरात मासं? सोयरेधायरे काय म्हनतील?”

“अव्वा, बघायचं हाईत. तळायचं न्हाईत,” शिवानंद म्हणाला.

अण्णांनी माशांकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर गेली ती रोपांकडे, तीही काही दिवसांनी. एक वाकलेलं पान रात्रीत दिव्याच्या बाजूला सरळ झालं होतं. ते खुर्ची घेऊन पेटीसमोर बसले आणि म्हणाले, “अगं, ह्ये पीक हाय की!” तेव्हापासून मासे म्हणजे पावणे आणि रोपं म्हणजे घरचं पीक, अशी वाटणी झाली. शकीलनं सांगितलेली रोपांची लांबलचक नावं त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली आणि आपल्या मुलखातली गावं त्यांना देऊन टाकली. उंच पातीची ती चिकोडी. बारीक पानांची ती निपाणी. तपकिरी, रुंद पानांचं, जमिनीलगत बसलेलं ते संकेश्वर. रोज आंघोळ, पूजा झाली की ते बाही वर करून पेटीत हात घालत. सौद्यातली ती लहान सुरी आता वाळूत भोक पाडायला आणि रोप लावायला कामाला आली होती.

पीक म्हटलं की शेणखत आलं. गडमुडशिंगीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून त्यांनी मुरलेलं शेणखत मागवलं आणि वाळूखाली जाड थर दिला. पाणी आधी चहासारखं झालं, मग पालकाच्या भाजीसारखं. पावणे वर येऊन तोंडं वासू लागले. शकील धावत आला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अण्णा, ही टाकी हाय, उसाचा फड न्हाई! आता बैलबी जुंपता काय हितं?”

अण्णा खदाखदा हसले. पडल्यापासूनचं ते पहिलं हसणं. आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला आणि माझ्या नवऱ्यानं पुन्हा रेडिओ बंद केला. पेटी रिकामी करून, धुऊन, नव्यानं लावली. अण्णा त्या रात्री पूर्ण भाकरी जेवले, असं अक्कांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम वर येऊन सांगितलं. पेटी आणि अण्णांची भाकरी यांचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला. रोपं तरारली की भाकरी पूर्ण. पानं पिवळी पडली की अर्धी.

रोपं जगली, पण वाढेनात. शकील म्हणाला, खत नको, वायू हवा. बाटलीत साखरेचं पाणी आणि बेकरीतलं यीस्ट घालायचं, झाकणातून नळी काढायची, ती पेटीत सोडायची. आतलं आंबत गेलं की बुडबुडे निघतात आणि ते रोपांना लागतात. कृती सोपी होती. अडचण एकच होती : साखर.

“तीन पिढ्या आमच्या घरात चहालासुदीक साखर चढली न्हाई,” अण्णा म्हणाले. “आणि आता पिकाला साखर? लोक तोंडात शेण घालतील.”

त्यांनी गूळ घातला. तोही साधासुधा नव्हे. नदीकाठच्या रानातला, भेंडीच्या पाण्यानं साफ केलेला, पिवळाधमक. आणि चमत्कार झाला. बुडबुडे निघाले, पेटीभर फिरले, आणि काही दिवसांत पानापानावर मोत्यासारखे लहान थेंब चिकटून चमकू लागले. अण्णांनी जिन्याखालून हाक मारली, “स्टोरबाई! या, या, पीक घामेजलंय बघा!” मला ते स्टोरबाई म्हणत, कारण एमआयडीसीतलं माझं काम त्यांनी एकदा नीट समजून घेतलं होतं. मी गेले. खरोखर, प्रत्येक पान घाम आल्यासारखं दिसत होतं. अण्णांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी सौद्याच्या त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

इथं थांबायला हवं होतं. पण गूळ थोडा घालणं हे गुळाच्या व्यापाऱ्याच्या स्वभावात बसत नाही. बाटली गेली, मोठा कॅन आला. गूळ वाढला, यीस्ट वाढलं, वर वैशाखाचं ऊन. पेटीमागे ठेवलेल्या त्या कॅनमध्ये जे शिजत होतं, त्याचा वास जिन्यानं आमच्या घरात यायला लागला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. आंबलेल्या गुळापासून काय गाळतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दूधवाला दारातून दूध घालून पळायला लागला. शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, “खाली कोण घ्यायला लागलंय काय हो?”

अण्णांना मात्र काहीच कळत नव्हतं. आणि त्यांना सांगायचं कुणी?

बसव जयंतीला घरी मठाचे स्वामी आले. वर्षातून एकदा पादपूजेला येत. प्रसादाला मलाही खाली बोलावलं होतं. पाट मांडला, चांदीचं ताट मांडलं, अण्णा आनंदात. स्वामी बसले आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी शिवानंदकडे पाहिलं. शिवानंदनं माझ्याकडे. मी ताटातल्या फुलांकडे. अण्णा मोठ्या भक्तीनं पाय धूत होते. स्वामींनी केळं तेवढं घेतलं, दूध नको म्हणाले, आणि जरा लवकरच उठले. दारात त्यांनी शिवानंदला बाजूला घेतलं.

“घरात कुनी घ्येतंय काय रे?”

“न्हाई स्वामीजी. ते माशांचं हाय.”

“मासं पितात?”

शिवानंदनं वाकून नमस्कार केला. स्वामी कपाळावर आठ्या घेऊन गेले, आणि आत अण्णा म्हणत होते, “स्वामी दूध घेतल्याबिगर गेलं. तब्येत बरी न्हाई वाटतं.”

त्याच दुपारी कॅन उतू गेला. फेस नळीत चढला आणि आंबलेला गुळाचा पाक पेटीत उतरत राहिला. घरातले सगळे जेवून पडले होते. उठून बघतात तर पाणी ताकासारखं पांढरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणे उलटे तरंगत होते. दोन दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि हात लावला की बोटांवर विरघळू लागली. चिकोडी गेली, निपाणी गेली, संकेश्वरची पानं देठापासून गळाली.

अण्णा बाही वर करून पेटीसमोर उभे होते. आम्ही सगळे सोप्यात होतो. ते वळून म्हणाले, “आंबलं हुतं म्हनं. लै दिवस आंबत हुतं. कुनाला वास आला न्हाई?”

शिवानंद पेटीतली नळी गुंडाळू लागला.

“मी इचारतोय. आला न्हाई?”

“आलाता,” अक्का म्हणाल्या. “समद्यांना आलाता. दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, स्वामीजींना. समद्यांना.”

“मग सांगायला काय झालतं?”

“तुमच्याम्होरं वासाचं नाव कसं काढायचं?”

अण्णांनी ओला हात धोतराला पुसला. खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि बसले. आपल्याला वास येत नाही एवढंच त्यांना माहीत होतं. त्यापायी सगळं घर श्वास रोखून चालतंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. संध्याकाळी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अक्कांनी कानडीत समजावलं, मराठीत समजावलं. शेवटी शिवानंदनं ठरवलं की पेटी घरात नको. ती दिसली तरी अण्णांना त्रास होतोय. शकीलला सांगून ती उचलून द्यायची.

शकील हातगाडी घेऊन आला. गाडीवर चढवण्याआधी पेटी हलकी करायची म्हणून त्यानं पाणी काढलं आणि संकेश्वरच्या बुडाशी हात वाळूत घातला. घातलेला हात त्यानं काढलाच नाही. बोटांनी आत चाचपत राहिला.

“अण्णा,” तो म्हणाला, “हे उपटू नका.”

त्यानं वाळू आणखी थोडी बाजूला केली.

“अण्णा, वर मेलंय. खाली गड्डा कडक हाय. ह्या जातीचं असंच असतंय. पानं समदी टाकतंय आणि बुडातनं परत फुटतंय. पाणी बदलत ऱ्हावा, हात लावू नका, येतंय.”

खुर्ची थोडी सरकल्याचा आवाज आला. “म्हंजे खोडवा?”

ऊस तोडून नेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा पीक येतं, तो खोडवा. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. शकील वाळूतून हात काढत म्हणाला, “व्हय अण्णा. खोडवाच म्हणा की.”

“मग आधी सांगायचं न्हाई व्हय रे, शान्या! खोडव्याला कोन हातगाडीवर घालतंय?” अण्णा उठले होते. “ठेव खाली. अगं, बादल्या काढ!”

हातगाडी रिकामी गेली. पण माझ्या आठवणीत त्या दिवसाची महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. बादल्या भरल्या, अण्णांनी पहिली उचलली, आणि ती तशीच हातात धरून ते थांबले. मग सगळ्यांकडे बघून, नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “मला वास येत न्हाई. तुमाला येतोय. हितनं पुढं तोंड दाबून बसायचं न्हाई. सांगायचं.” आणि माझ्याकडे वळले. “स्टोरबाई, तुमी मापाचं बोलता. तुमची अक्का माझी दया करती, पोरगा भितोय. तुमी सांगा. ह्या पान्याचा वास कसा हाय?”

मी वाकून वास घेतला. “चांगला आहे.”

“चांगला हा वास न्हवं, बाई. तुमच्या कारखान्यात माल आला तर ‘चांगला आला’ असं लिवता व्हय? काय आलं, कसलं आलं, लिवताच की न्हाई? कशासारखा ते सांगा.”

माझ्या धंद्यावरच बोट ठेवलं होतं. मी पुन्हा वाकले. “मातीसारखा.”

“नांगरलेल्या का कुंभाराच्या?”

“कुंभाराच्या.”

“वल्ल्या का भाजलेल्या?”

“ओल्या. चाकावरच्या.”

त्यांनी डोळे मिटले. सौद्यात मिटायचे तसेच. थोड्या वेळानं उघडले आणि म्हणाले, “हां. मग घाला पानी.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाआधी मी खाली जाऊ लागले. चहाआधी, कारण चहानंतर नाक आळशी होतं असं अण्णांचं मत. मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम आहे. पण अण्णा सोडत नसत. ‘कुबट’ म्हटलं तर विचारत, गोणपाटासारखं की बंद ट्रंकेसारखं? ‘हिरवट’ म्हटलं तर, काकडी सोलल्यासारखं की गवत कापल्यासारखं? मी चिडले की म्हणायचे, “दोन नाकपुड्या दिल्यात देवानं, आणि तुमी एकीचबी भाडं वसूल करत न्हाईसा!” हळूहळू मला खरंच वेगवेगळं यायला लागलं. कारखान्यात यंत्र थंड ठेवणाऱ्या तेलाचा डबा उघडला की ते नासलंय की नाही, हे मी परीक्षणाचा कागद यायच्या आधी सांगू लागले. साहेबांनी विचारलं, कुठं शिकलात? मी म्हटलं, घरमालकांकडे.

वाळूतून संकेश्वरचं पहिलं पान वर आलं ते जेमतेम भाताच्या लोंबीतल्या दाण्याएवढं होतं. गुंडाळी केलेलं, तपकिरी, टोकाला पिवळं. अण्णांनी त्याला हात लावला नाही. खुर्ची मात्र पेटीकडे वळवली ती कायमची. पावसाळा संपेपर्यंत एका गड्ड्याच्या आजूबाजूला लहान लहान पिल्लं फुटली. मग अण्णांनी नवी चिकोडी आणली, नवी निपाणी आणली, सर्वांत शेवटी नवे पावणे. गुळाचा प्रयोग त्यांनी सोडून दिला. “सावकास वाढू दे. खोडव्याला घाई चालत न्हाई.”

एका पावसाळ्यात नदी फुगली, नळ बंद झाले आणि काही दिवस टँकरचं पाणी आलं. अण्णांनी बादली भरून पेटीकडे नेली. मी कामावर निघाले होते, जिन्यातूनच ओरडले, “अण्णा, ओतू नका!”

“कशासारखा?”

“दवाखान्यात फरशी पुसतात तसा!”

पाण्यात जंतुनाशक पावडर भरपूर पडली होती. अण्णांनी बादली खाली ठेवली आणि हसले. “आता कसं मापात बोलला.” ते पाणी त्यांनी उन्हात उघडं ठेवलं, आणि तो वास पूर्ण गेलाय असं मी सांगेपर्यंत पेटीत थेंब घातला नाही. पूर उतरला तेव्हा बाजारात चिखल होता, पण अण्णांच्या सोप्यातलं रान हिरवंगार होतं.

आणि मग एका दिवाळीआधी मी पुन्हा पेढीवर गूळ घ्यायला गेले, तर अण्णा तिथं बसलेले. पुन्हा कसे आलात, असं विचारायचं धाडस कुणी करत नव्हतं. सौदा सुरू होता. शिवानंदनं सुरीनं कपटा काढला, चुरला, नाकाशी नेला.

“कसा हाय?” अण्णांनी विचारलं.

“बरा हाय, अप्पा.”

“बरा हा वास न्हवं!” आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू गेला. “माझं नाक मेलंय, ते समद्यांना ठावं हाय. तुझं जित्तं हाय न्हवं? मग सांग की, कशासारखा?”

हमाल थांबले. शेतकरी माना वळवून बघायला लागले. शिवानंदचे कान लाल झाले. त्यानं पुन्हा वास घेतला. “भाजलेल्या हरभऱ्यासारखा.”

“आणि मागनं?”

“मागनं... जरा खारट येतोय, अप्पा. पापडखाराच्या डब्यागत.”

अण्णांनी डोळे मिटले आणि उघडले. “खारपड रानातला ऊस. पान्याखाली राहिल्यालं रान. हा गूळ पावसाळ्यात पाझरनार. कुठलं गाव, पावणं?”

शेतकऱ्यानं गावाचं नाव सांगितलं आणि मान हलवली. “व्हय अण्णा. दोन साल झाली, रान मिठाळलंय.”

 दर ठरला तो अण्णांनी सांगितला तोच. मी गूळ घेऊन निघाले तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, “बघितलासा? नाक पोराचं, डोकं माझं. जोडून चालतंय.” त्या रात्री दोन भाकरी गेल्या, असं अक्का सांगत होत्या. सांगताना त्यांच्या केसांत मोगरा होता.

पुढं कारखान्यानं माझी बदली पुण्याला केली आणि मी ती यादी केली. गाडीत सामान चढल्यावर खाली गेले. अक्कांनी ओटी भरली. अण्णा पेटीसमोर बसले होते. संकेश्वरनं आता अर्धी पेटी व्यापली होती आणि त्याच्या सावलीत पावणे आरामात फिरत होते.

“नाकाचं काय करायचं, अण्णा?”

“जावा तुमी. मिळंल कुनाचं तरी. शहरात काय नाकांना तोटा हाय व्हय?” मग पेटीकडे बघत म्हणाले, “खरं जाताना एकडाव सांगून जावा.”

मी पदर सावरून वाकले. या वेळी घाई केली नाही. “वर काकडीचं साल. त्याखाली ओली माती, नदीकाठची, उन्हं तापायच्या आधीची. आणि अगदी तळाला थोडं गोड आहे. गुळासारखं नाही. उसाचा पाला ओला झाला की येतं तसं.”

अण्णांचे डोळे मिटलेले होते. खूप वेळ मिटलेले होते. मी घाबरून अक्कांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “हां. आला.”

आमच्या जागी येणारा तरुण बँकेत होता, सोलापूरकडचा. किल्ली घ्यायला तो तेवढ्यात आला. गॅस, नळ, मीटर सगळं दाखवून मी त्याला खाली घेऊन गेले आणि म्हटलं, “हे अण्णा. रविवारी सकाळी तुमचं इथं काम असतं. ते सांगतील.” तो बिचारा गोंधळून हसला. मी चप्पल घातली.

फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, “अण्णा, छान आहे की.”

वळून पाहिलं. खिडकीतून पेटीचा हिरवा उजेड दिसत होता. तो तरुण पाण्यावर वाकला होता, आणि अण्णा खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून वाट बघत होते.

“छान हा वास न्हवं, पावणं. कशासारखा ते सांगा.”